दहिवराचे मास्तर

मला खोली द्यायच्या आधी मास्तरांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्याकडं दहिवर पडतं?"

बोईसरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात मी नुकतीच केमिस्ट म्हणून लागले होते. बाकीच्या मुली कारखान्याजवळच एका खोलीत तिघी-चौघी राहायच्या. मला तिथला वास सोसवेना, म्हणून कुणीतरी तारापूरच्या बाजूचं, दांडीकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचं हे वाडीतलं घर सुचवलं होतं. सांगोल्याकडची एकटी मुलगी बघून घरमालक जात विचारेल, रात्रपाळीचं विचारेल, मटण शिजवता का म्हणेल, अशा सगळ्या उत्तरांची तयारी करून मी गेले होते. दहिवराची नव्हती.

"आमचा दुष्काळी भाग," मी म्हटलं. "प्यायलाच पाणी नसतं."

"ते नाय विचारलं. दहिवर पडतं का, तेवढंच सांग. ठाऊक नसेल तर घरी विचार."

मी तिथंच ओट्यावर उभं राहून वडिलांना फोन लावला. त्यांना हसू आलं. "पडतं की! शाळू कशावर निघतो मग? पाऊस गेला की दवावरच असतो तो."

मी ते मास्तरांना सांगितलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "बघ. कोरड्या देशालाच त्याची किंमत. शास्त्रातपण तसंच हाय."

मास्तर ख्रिस्ती होते. मूळचे वसईचे. तरुणपणी इकडच्या शाळेत मराठी शिकवायला आले आणि इथलेच झाले. वर्गात म्हणे ते इतकं शुद्ध बोलायचे की पोरांना धडकी भरायची, पण ओट्यावर बसले की 'हाय' आणि 'नाय' सुरू. शास्त्र म्हणजे त्यांचं पवित्र शास्त्र. त्याच्यातला स्वर्ग, नरक, शेवटचा न्याय यांच्याशी मास्तरांना फारसं कर्तव्य नव्हतं. त्यांना त्यातली ओल हवी असायची. कुठं दहिवर पडलं, कुठं विहीर बुजली, कोण कुणाच्या पायांवर रडलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. थंडी सुरू झाली की उजाडायच्या आधी ते वाडीत जायचे, केळीच्या पानावरून तळवा फिरवायचे आणि तो ओला तळवा डोळ्यांवर दाबून धरायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, प्रार्थना चाललीये. असेलही.

"शास्त्रातल्या देशात पाऊस हिवाळ्याचा," ते मला सांगायचे. "एकदा थांबला की द्राक्षं पिकेपर्यंत आभाळातनं थेंब नाय. मग वेल जगतो कशावर? समुद्राकडनं वारा येतो, पहाटेला गार होतो, पानावर बसतो. म्हातारा बाप पोराला आशीर्वाद देतो तर पहिलं काय मागतो? सोनं नाय, गाई नाय. आभाळाचं दहिवर. आन् संदेष्टा राजावर रागावतो तेव्हा नुसता पाऊस बंद नाय करत, दहिवरपण बंद करतो. पावसाशिवाय माणूस तग धरतो गो. दहिवर गेलं की संपलं."

असं बोलताना ते मधेच थांबायचे आणि बाटलीतून घोटभर पाणी प्यायचे. ती बाटली कायम सोबत. सदऱ्याच्या एका खिशात आवळ्याचे तुकडे, दुसऱ्यात ओला रुमाल, त्यामुळं सदऱ्यावर नेहमी एक ओलसर डाग. भाकरी ते आमटीत पार बुडवून खायचे, बिस्किट चहात विरघळवून प्यायचे म्हटलं तरी चालेल. गावात याला मास्तरांचा चळ म्हणत. मीही तेच समजत होते.

त्यांच्या पायरीवर बादली आणि तांब्या भरलेला असायचा. येणाऱ्यानं आधी पाय धुवायचे, पाणी प्यायचं, मग कामाचं बोलायचं. मीटर बघायला येणारा माणूस, कुरिअरवाला, निवडणुकीला मत मागायला आलेले पुढारी, कुणाची सुटका नव्हती. एकदा एक पुढारी घाईत होता. "मास्तर, पाय नंतर." मास्तर शांतपणे म्हणाले, "शास्त्राच्या काळी धुळीतनं आलेल्या पाव्हण्याला पायाला पाणी दिलं नाय तर यजमानाचं नाक कापलं जायचं. माझं कापू नका." त्या माणसानं बूट काढले, मोजे काढले आणि एवढ्या मोठ्या लवाजम्यासमोर पाय धुतले. मी दुसऱ्या पाळीहून थकून यायची तेव्हा त्या बादलीतलं पाणी कोमट असायचं. ते कोण करतं हे मी कधी विचारलं नाही.

या दहिवरावरून त्यांचं एकाच माणसाशी भांडण होतं, ते जमनाकाकीशी. काकी दांडीची. समुद्राकाठी बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालायची आणि सुकट घेऊन आमच्या रस्त्यानं जायची. सुकवणाऱ्याला दव म्हणजे वैरी. रात्री दव पडलं की बोंबील लिबलिबीत होतात, वास मारतात. आणि मास्तर नेमके तिच्या पाटीसमोर उभे राहून म्हणायचे, "काय सुंदर पडलंय आज!"

"तुमचा देव तुमच्या केळीवर पाडू दे की," काकी ओरडायची. "माज्या बोंबलावर कशाला? माजं वाटोलं झालं आन् हे सुंदर म्हंतात!"

"जमना, अगो, शास्त्रात सांगितलंय—"

"शास्त्रात बोंबील हाय काय?"

यावर मास्तर खरोखर विचारात पडायचे. "मासे हायत. पण सुके हायत की ओले, ते लिहिलं नाय." मग काकी हसायची, पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायची आणि जाताना मूठभर जवळा ठेवून जायची.

एका दिवाळीला मी गावाहून त्यांच्यासाठी घोंगडी आणली. धनगरानं विणलेली, काळी, खरखरीत. थंडीत पांघरायला होईल म्हणून. मास्तरांनी ती नाकाशी धरली, खऱ्या लोकरीची आहे ना हे दोनदा विचारलं आणि अंगणात नेऊन पसरली.

मग त्यांनी मला गोष्ट सांगितली. देवानं एका भित्र्या माणसाला लढाईला बोलावलं. त्याला काही खात्री पटेना. तो म्हणाला, मी खळ्यावर लोकर पसरून ठेवतो. सकाळी लोकर भिजली आणि भुई कोरडी राहिली तर समजेन तूच बोललास. तसंच झालं. लोकर पिळली तर वाटीभर पाणी.

"पण त्यात काय मोठं?" मास्तर म्हणाले. "लोकर पाणी धरून ठेवते, भुई आधी सुकते. तो माणूस शेतकरी होता, त्याला कळलं असणार. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं उलटं मागितलं. भुई भिजू दे, लोकर कोरडी राहू दे. ती खरी खूण."

पहिल्या सकाळी घोंगडी ओली झाली होती. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला निघाले तेव्हा ते अंगणात उकिडवे बसले होते. घोंगडीवर हात ठेवून.

"कोरडी आहे?" मी गमतीनं विचारलं.

"नाय. भिजली हाय."

त्यांचा चेहरा इतका पडला होता की माझी गंमत तोंडातच राहिली. "काय मागितलं होतंत?"

"ज्याच्याकडं मागितलं त्याला ठाऊक," एवढं बोलून त्यांनी घोंगडी झटकली आणि दोरीवर टाकली.

मास्तर देवाकडं काय मागत असतील याचा अंदाज मला जमनाकाकीच्या बोलण्यावरून आला. माझ्या येण्याआधी दोन-तीन वर्षं मास्तरांची बायको गेली होती. मास्तरांचा फार जीव तिच्यावर. दोघं जोडीनं चिकू उतरवायची, जोडीनं चर्चला जायची. ती अचानक गेली. घर माणसांनी भरलं, सगळी रडत होती, आणि मास्तरांच्या डोळ्यांत एक टिपूस नाही. ते बायकोच्या उशाशी ताठ बसून होते. मधेच उठले, मागच्या नळावर गेले, रुमाल भिजवला, परत येऊन डोळ्यांना लावला. असं दोन-तीनदा केलं. त्यांची एकुलती एक मुलगी एव्हलिन मागच्या दारात उभी होती. तिनं ते पाहिलं.

"सगल्यांसमोर नाय बोलली ती," काकी म्हणाली. "मानसं गेल्यावर बोलली. 'पपा, रडू येत नव्हतं तर नसतं रडायचं. पाणी लावून नाटक कशाला केलंत?' मी व्हते थितं. मास्तर कायपण बोलले नाय. दुसऱ्या दिशी पोर वसईला गेली ती गेलीच. नाताळाला फोन करते, तेवडाच."

"पण मास्तर काहीच कसे बोलले नाहीत?"

"काय बोलनार? डोल्यात पानी नव्हतं ते तर खरंच ना!"

त्या वर्षी नाताळच्या मिस्सेला मास्तर मला बोईसरच्या चर्चमध्ये घेऊन गेले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांच्या शेजारी उभं राहायचं तेव्हा उभी राहिले, बसायचं तेव्हा बसले. शेवटी रांगेनं प्रसाद देतात, कागदासारखी पातळ पांढरी चकती. ती जिभेवर ठेवली की आपोआप विरघळते म्हणे. मास्तर परत आले ते तोंड मिटून, मान खाली घालून. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती, चकती काही उतरत नव्हती. ते मागच्या मागे बाहेर गेले. मी गेले तेव्हा झाडाखाली उभे राहून पाणी पीत होते.

"प्रसादसुद्धा घेत नाय माझं तोंड," ते म्हणाले. "बायकोसाठी पाणी आलं नाय आन् देवासाठी पण येत नाय. आतनंच आटलो मी, बाय. शास्त्रात एक झाड हाय असं, मुळापासनं वाळलेलं. त्याच्यावर दहिवर पडूनपण काय उपयोग?"

मी त्यांची बाटली घेऊन नळावरून भरून आणली.

त्यानंतर उन्हाळ्यात त्यांचे डोळे लाल झाले. आधी ते कारखान्यांच्या धुरावर खापर फोडत होते, मग वाऱ्यावर. एक दिवस ते अंगणात चाचपडत चाललेले दिसले आणि मी त्यांना जबरदस्तीनं रिक्षात घालून बोईसरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी तपासलं, प्रश्न विचारले. पाणी किती पिता, कोरडं खाता येतं का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का. मास्तर प्रत्येक प्रश्नाला चमकून माझ्याकडं बघायचे, जणू मीच चहाडी केलीय. मग बाईंनी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या त्यांच्या खालच्या पापण्यांत अडकवल्या आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्ट्या काढल्या तेव्हा त्या पार कोरड्या होत्या.

"मास्तर, तुमच्या डोळ्यांत पाणी तयारच होत नाही," बाई म्हणाल्या. "तोंडातही लाळ अगदी कमी आहे. हा एक आजार असतो. पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी सुकतात. रक्त तपासू, पण मला तरी वाटतं, बरीच वर्षं असणार हे. उजव्या बुबुळावर जखम झालीय, ती मात्र लगेच सांभाळावी लागेल."

"दुःख झालं तरी पाणी येत नाय?" मास्तरांनी विचारलं.

"कसं येणार? दुःख होतं, पण ग्रंथीत पाणीच नाही."

मास्तरांनी पुढचं काही ऐकलं असं मला वाटत नाही. औषधं मी घेतली, थेंब कधी घालायचे ते मी विचारून घेतलं. आम्ही रिक्षानं परत निघालो. चिंचणीचा फाटा गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"म्हंजे मी रडत होतो, बाय."

"हो, मास्तर."

"तिच्या उशाशी बसून मी रडत होतो. मला समजलं नाय."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि रिक्षा हळू केली. मास्तरांचा चेहरा रडणाऱ्या माणसासारखा वेडावाकडा झाला होता आणि गाल कोरडेठाक होते. एखादा माणूस पाण्याशिवाय रडताना मी तेव्हाच पाहिला. तो बघवत नाही.

दिवसभर तासातासाला डोळ्यांत थेंब घालायचे होते आणि माझ्या पाळ्या बदलत्या. मी त्यांना विचारूनच एव्हलिनला फोन लावला. "येईल ती," ते म्हणाले. "कर्तव्याला चुकणारी नाय. पण ते रडण्याचं काय सांगू नको तिला."

"का नको? तिला कळायला हवं."

"पोरीपुढं डॉक्टरचा दाखला धरू? बघ गो, तुझा बाप खरंच रडला होता, असं? नको."

एव्हलिन दुसऱ्या दिवशी आली. शाळेत शिकवणारी, बापासारखीच ताठ, कमी बोलणारी. तिनं पायरीवर पाय धुतले, पदर खोचला आणि घर हातात घेतलं. थेंब वेळेवर, जेवण मऊ, औषधं क्रमानं. बापलेक एकमेकांशी बोलत ते एवढंच: "वर बघा." "बघतो." "झालं." मी सकाळी निघताना बघायची आणि परत आल्यावर बघायची, घरात दोन माणसं आणि आवाज एकाचाही नाही. जमनाकाकी दोनदा येऊन गेली. तिला सगळं ठाऊक झालं होतं, पण मास्तरांनी तिलाही गप्प केलं होतं, आणि गप्प राहणं म्हणजे काकीला केवढी शिक्षा ते तिच्या तोंडावर दिसायचं.

पुढच्या तपासणीला आम्ही तिघंही गेलो. बाईंनी जखम भरतेय म्हणून सांगितलं आणि एव्हलिनकडं वळल्या. सांभाळणारी तीच, तेव्हा तिला नीट समजवायला हवं, असा त्यांचा साधा विचार.

"हे आता जन्मभर करावं लागेल. अश्रू नाहीतच यांना. अजिबात नाहीत. पट्टी लावून बघितलं मी."

"अजिबात म्हणजे?"

"म्हणजे कांदा चिरला तरी येणार नाहीत."

"कधीपासून?"

"नक्की सांगता येणार नाही. पण ग्रंथी इतक्या सुकायला बरीच वर्षं लागतात. सहा-सात तरी."

एव्हलिन उभी होती ती खाली बसली. "सहा-सात," ती म्हणाली. मग बापाकडं न बघता बाईंनाच विचारलं, "आई जाऊन पाच होतील. तेव्हा होतं हे?"

बाईंना प्रश्नाचा रोख कळला नाही. "असणारच," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. मी उठून जायला लागले तर मास्तरांनी माझी ओढणी धरून ठेवली. त्यांना भीती वाटत होती.

"पपा, तुम्ही सांगितलं का नाही?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? मला वाटलं, माझंच आतनं आटलं. तू बोललीस ते मला खरंच वाटलं, एवलू."

"मग तो रुमाल?"

"डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं गो. उघडेच राहीनात. आन् तुझी आई समोर निजलेली, थोड्या वेळानं पेटी बंद करणार. मला ती बघायची होती. म्हणून भिजवून लावत होतो."

एव्हलिननं दोन्ही हातांत बापाचं तोंड धरलं आणि दवाखान्याच्या त्या गर्दीत, पेशंट बघत असताना, स्वतःचं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवून हमसून हमसून रडली. मास्तर तिच्या पाठीवर थोपटत राहिले. "उगी. उगी," म्हणत राहिले. तेव्हा मी खरंच उठून गेले.

एव्हलिन सुट्टी संपेपर्यंत राहिली. त्यानंतर दर शनिवारी यायची. फादरांना सांगून तिनं मास्तरांचा प्रसाद द्राक्षारसात बुडवून द्यायची सोय करवली. पहिल्या रविवारी तो घशाखाली उतरला तेव्हा मास्तर बाहेर येऊन, "गेला!" असं इतक्या मोठ्यानं ओरडले की आत चाललेलं भजन चुकलं. मग ते एव्हलिनला दहिवराच्या गोष्टी सांगायला लागले. "पपा, ही मला लहानपणापासून पाठ आहे," असं ती म्हणायची आणि ऐकत बसायची.

मी बोईसर सोडायच्या आदल्या थंडीत, दिवाळीच्या सुमारास, त्यांचा मृतांच्या आठवणीचा दिवस आला. दोघं मला पालघरला घेऊन गेली. दफनभूमीत सकाळपासून माणसं होती. कुणी थडगं धूत होतं, कुणी झेंडूच्या माळा घालत होतं, मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि पुन्हा लावल्या जात होत्या. मास्तरांच्या बायकोचं थडगं साधंच, एक सिमेंटचा क्रूस आणि खाली तिचं नाव. एव्हलिननं फुलं ठेवली. प्रार्थना म्हणता म्हणता तिचा आवाज चिरकला आणि ती रडायला लागली.

मास्तर काही वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी बोट पुढं केलं, तिच्या गालावर ओघळलेला थेंब अलगद टिपला आणि वाकून थडग्यावरच्या नावाला तो लावला. बायकोच्या नावातल्या पहिल्या अक्षरावर बारीकसा ओला ठिपका उमटला.

"काय केलंत, पपा?"

"माझ्याकडं नव्हतं," मास्तर म्हणाले. "तुझं घेतलं."